लग्नाची डीव्हीडी चालेनाशी होण्याआधी : घरच्या घरी बॅकअप कसा घ्यायचा, कायदा काय सांगतो?

जळकोट : कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली, लोखंडी पेटीत नाहीतर देवघराच्या वरच्या फळीवर प्लास्टिकच्या डबीत जपून ठेवलेली एक चकती. वर नवरा-नवरीचा फोटो, खाली लग्नाची तारीख आणि स्टुडिओचं नाव. जळकोट, उदगीर, मुखेड, कंधार या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत लग्नाची सीडी किंवा डीव्हीडी अशीच ठेवलेली असते. साधारण २००० ते २०१५ या काळात ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या हळदीपासून वरातीपर्यंतचं सगळं या चकत्यांत आहे. ज्यांचा आवाज आता दुसरीकडे कुठेच ऐकायला मिळणार नाही, ते आजी-आजोबाही त्यातच आहेत.

ती बघायची ठरवली की अडचण कळते. टीव्हीखालचा प्लेअर केव्हाच भंगारात गेला. लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. शेजाऱ्यांकडे जुना कॉम्प्युटर सापडला तरी चकती घरघरते, चित्राचे चौकोन होतात आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत सगळं थांबतं.

यावर इलाज आहे आणि तो घरी करता येतो. चकतीचा बॅकअप कसा घ्यायचा, विकतच्या सिनेमाच्या डीव्हीडीला हेच नियम लागू होतात का आणि कायदा काय म्हणतो, ते समजून घेऊया.

थोडक्यात काय?

• घरी किंवा स्टुडिओत लिहिलेली डीव्हीडी कायम टिकत नाही. तिच्यातला रंगाचा थर उष्णता, उजेड आणि दमटपणामुळे खराब होतो.

• पैसे देऊन काढून घेतलेल्या लग्नाच्या व्हिडिओचा मूळ हक्क, वेगळा करार नसेल तर, व्हिडिओ काढून घेणाऱ्याचाच असतो. त्याची कॉपी करायला अडचण नाही.

• विकतच्या सिनेमाच्या डिस्कवर डिजिटल कुलूप असू शकतं. तिथे नियम वेगळे आहेत.

• एक कॉपी पुरेशी नाही. किमान तीन ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी.

चकती आपोआप खराब कशी होते?

सगळ्या चकत्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचे दोन प्रकार आहेत. सिनेमाची विकतची डिस्क कारखान्यात साच्यातून छापलेली असते. तिच्यातले सूक्ष्म खड्डे प्लास्टिकमध्येच उमटलेले असतात. लग्नाची डिस्क मात्र स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर लेझरने लिहिलेली असते. तिच्यात रसायनाचा, म्हणजे रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझर त्या थरावर ठिपक्यांच्या खुणा उमटवतो आणि प्लेअर त्या खुणा वाचतो. रोजच्या बोलण्यात आपण ‘सीडी बर्न केली’ म्हणतो, ते यामुळेच.

हा रंगद्रव्याचा थर नाजूक असतो. उन्हाळ्यात लातूर-नांदेड भागात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात आणि बंद लोखंडी पेटीत त्याहून जास्त तापतं. पाठोपाठ पावसाळ्याचा दमटपणा येतो. वर्षानुवर्षं हे चक्र चाललं की रंग विटतो, परावर्तक थराला हवा लागते आणि लेझरला खुणा वाचता येईनाशा होतात. डिस्कवर एकही ओरखडा नसतानाही ती चालत नाही, त्याचं कारण हे आहे.

ओरखड्यांचंही एक गणित आहे. सीडीमध्ये माहितीचा थर वरच्या, म्हणजे नाव लिहिलेल्या बाजूला अगदी जवळ असतो आणि त्यावर फक्त पातळ लॅकरचं आवरण असतं. त्यामुळे सीडीच्या नावाच्या बाजूला बॉलपेनने जोरात लिहिलं किंवा चिकटवलेलं स्टिकर ओढून काढलं तर माहितीच निघून येऊ शकते. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून तो वरून थोडा सुरक्षित असतो.

स्टुडिओवाल्याकडे मूळ प्रत नसते का?

‘फोटोवाल्याकडे असेल की’ असं बरेच जण गृहीत धरतात. त्या काळात शूटिंग बहुतेक वेळा छोट्या टेपवर व्हायचं. टेप महाग असल्याने एक लग्न डिस्कवर उतरवलं की तीच टेप पुढच्या लग्नाला वापरण्याची पद्धत होती. कॉम्प्युटरवर एडिट केलेल्या फाइल्सही जागा करण्यासाठी पुसल्या जायच्या. बारा-पंधरा वर्षांनी स्टुडिओकडे काही शिल्लक असण्याची शक्यता कमीच. तुमच्या कपाटातली चकती हीच बहुधा जगातली एकमेव प्रत आहे, असं धरून चाला.

एकच प्रत असणं किती महाग पडतं, याचं उदाहरण सिनेसृष्टीत आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. स्थिरचित्रं आणि जाहिराती तेवढ्या उरल्या आहेत.

आधी ओळखा : सीडी आहे की डीव्हीडी?

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गावोगावी व्हीसीडीचं राज्य होतं. हा प्रकार १९९३ मध्ये आला. एका व्हीसीडीत साधारण ७४ ते ८० मिनिटांचं चित्रण बसतं, म्हणून लग्न ‘दोन सीडीचं’ किंवा ‘तीन सीडीचं’ असायचं. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे आजच्या मोबाइलच्या मानाने फारच धूसर. कीर्तनं, भीमगीतं, तमाशाचे वग, जत्रेचं शूटिंग याच व्हीसीडीवर घरोघर पोचलं.

डीव्हीडीत ४.७ जीबी मजकूर बसतो, दुहेरी थराची असेल तर ८.५ जीबी. चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं.

डिस्क कॉम्प्युटरमध्ये घालून उघडली की फरक लगेच कळतो. ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर आणि त्यात ‘डॅट’ प्रकारची फाइल दिसली तर ती व्हीसीडी. ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर आणि त्यात ‘व्हीओबी’ प्रकारच्या, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या फाइल्स दिसल्या तर ती डीव्हीडी. कॉम्प्युटरने डिस्क रिकामी आहे असं सांगितलं, पण मागच्या बाजूला रंगात फरक असलेलं वर्तुळ दिसत असलं, तर लिहिताना ती ‘फायनलाइज’ करायची राहून गेलेली असू शकते. अशी डिस्क रिकामी समजून टाकून देऊ नका.

काय काय लागेल?

• डेस्कटॉप किंवा लॅपटॉप. फक्त मोबाइलवर हे काम भागत नाही.

• डिस्क वाचणारा ड्राइव्ह. जुन्या डेस्कटॉपला तो असतोच. नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर मिळतो. एका घराला तो पुन्हा पुन्हा लागत नाही. भावकीत किंवा मित्रांत मिळून एक घेतला तर सगळ्यांची कामं होतात.

• साठवायला जागा. भरलेली डीव्हीडी ४.७ जीबीची असते, म्हणजे १ टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशे डिस्क मावतात.

• मोफत सॉफ्टवेअर : बघण्यासाठी व्हीएलसी, डिस्कची जशीच्या तशी प्रत घेण्यासाठी विंडोजवर इमेजबर्न आणि मोबाइलवर चालेल अशी फाइल करण्यासाठी हँडब्रेक. ही तिन्ही त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. ‘फ्री डीव्हीडी कॉपी’ असं शोधल्यावर समोर येणाऱ्या अनोळखी सॉफ्टवेअरसोबत नको ते प्रोग्रॅमही कॉम्प्युटरमध्ये शिरतात.

बॅकअप कसा घ्यायचा? सहा पायऱ्या

१. पुसा. मऊ सुती कापड घ्या. मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. डिस्कवरची माहिती गोलाकार लिहिलेली असते. त्याच दिशेने ओरखडा पडला तर सलग माहिती जाते. आडवा ओरखडा असेल तर प्लेअर बरंच काही सावरून घेतो. फारच मळ असेल तर साधं पाणी पुरेसं आहे.

२. जशीच्या तशी प्रत घ्या. इमेजबर्नमध्ये डिस्कवरून इमेज फाइल बनवण्याचा पर्याय निवडा. त्यातून अख्ख्या डिस्कची एक ‘आयएसओ’ फाइल तयार होते, मेन्यूसकट. वेग कमी ठेवा. एकपट वेगाने भरलेली डीव्हीडी वाचायला सुमारे एक तास लागतो, चौपट वेगाने साधारण पाव तास. जुन्या डिस्कला घाई मानवत नाही. मॅकवर हेच काम ‘डिस्क युटिलिटी’ करते.

व्हीसीडीचं थोडं वेगळं आहे. तिची नेहमीची आयएसओ नीट बनत नाही. ‘डॅट’ फाइल सरळ कॉपी करून घ्या. ती व्हीएलसीमध्ये तशीच चालते. जास्त मिनिटं बसवण्यासाठी व्हीसीडीत चूक दुरुस्तीची जादा सोय कमी ठेवलेली असते, त्यामुळे ओरखड्यांचा त्रास तिला जास्त होतो. म्हणून घरात दोन्ही प्रकार असतील तर आधी व्हीसीडी उरका.

३. प्रत तपासा. बरेच जण ही पायरी गाळतात. कॉपी पूर्ण झाली म्हणजे ती चांगलीच झाली असं नसतं. फाइल व्हीएलसीमध्ये उघडा. सुरुवात, मध्य आणि शेवटची दहा मिनिटं पाहा. डिस्कच्या बाहेरच्या कडेला बोटं लागतात, ओरखडे पडतात आणि लग्नाचा शेवटचा भाग बहुधा तिथेच लिहिलेला असतो. शेवट नीट चालला तर निम्मी काळजी मिटली.

४. मोबाइलसाठी दुसरी फाइल करा. आता त्या प्रतीवरून, डिस्कवरून नव्हे, हँडब्रेकमध्ये ‘एमपीफोर’ फाइल बनवा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, चित्राचा आकार मुद्दाम वाढवू नका. ७२० बाय ५७६ चं चित्र फुल एचडी केल्याने नवीन तपशील येत नाहीत, फाइल मात्र फुगते. दोन, माणूस हलला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसत असतील तर ‘डीइंटरलेस’ हा पर्याय चालू करा. जुन्या टीव्हीसाठी चित्र दोन भागांत, एकाआड एक ओळींनी टिपलं जायचं. त्या रेषा त्यामुळे येतात.

५. मूळ प्रत ठेवा. एमपीफोर झाली म्हणून आयएसओ पुसू नका. एमपीफोर बनवताना फाइल लहान करण्यासाठी चित्रातला काही तपशील कायमचा गळतो. उद्या चित्र सुधारण्याची चांगली सोय आली तर मूळ प्रतच कामाला येईल.

६. नाव द्या. ‘न्यू फोल्डर २’ मध्ये टाकलेलं लग्न पाच वर्षांनी सापडत नाही. वर्ष, महिना, प्रसंग, गाव या क्रमाने नाव द्या. उदाहरणार्थ, ‘२००९-०५ लग्न जळकोट मूळ प्रत’. वर्ष आधी असलं की फाइल्स आपोआप क्रमाने लागतात.

पेन ड्राइव्हवर ‘फाइल फार मोठी आहे’ असं का येतं?

पेन ड्राइव्हमध्ये जागा आहे, तरी भरलेल्या डीव्हीडीची आयएसओ त्यात जात नाही, असा अनुभव अनेकांना येतो. बरेच पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीने तयार केलेले असतात. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. पेन ड्राइव्ह आधी रिकामा करून ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करा, अडचण सुटेल. मात्र काही जुन्या टीव्हींना एक्सफॅट वाचता येत नाही. टीव्हीवर बघायचं असेल तर छोटी एमपीफोर फाइल फॅट ३२ वरच न्या.

डिस्क वाचलीच जात नसेल तर?

आधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह अनेकदा वाचतो. लेझर आणि त्याची क्षमता प्रत्येक ड्राइव्हची वेगळी असते.

तेवढ्याने जमलं नाही तर लिनक्सवरचं ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन आहे. ते आधी डिस्कचा चांगला भाग पटापट वाचून घेतं आणि खराब जागांची नोंद ठेवतं. नंतर त्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. ती नोंद एका फाइलमध्ये राहत असल्याने आज अर्धं काम करून उद्या दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालू करता येतं. कॉम्प्युटरचं शिक्षण घेणाऱ्या घरातल्या किंवा ओळखीतल्या पोरापोरींना हे काम जमण्यासारखं आहे.

टूथपेस्ट लावून घासण्याचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. वाचण्याच्या बाजूचा वरवरचा ओरखडा त्याने क्वचित कमी होतो, पण जास्त घासलं तर नवे ओरखडे पडतात. सगळे मार्ग संपल्यावरच त्याकडे वळा. सीडीच्या नावाच्या बाजूला तर हा प्रयोग करूच नका. रंगद्रव्य विटलं असेल तर घासून काहीच साध्य होत नाही.

लग्नाच्या व्हिडिओवर हक्क कोणाचा?

कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १७ याचं उत्तर देतं. मोबदला देऊन कुणाकडून फोटो किंवा चित्रफीत काढून घेतली, तर वेगळा करार नसल्यास काढून घेणारी व्यक्ती त्याची पहिली मालक ठरते. म्हणजे मुलीच्या वडिलांनी पैसे देऊन शूटिंग करून घेतलं असेल तर त्या चित्रणाचा हक्क त्यांचा. त्याची प्रत काढणं, भावंडांना देणं यात गैर काही नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. लग्नाच्या व्हिडिओत मागे सिनेमाची गाणी जोडलेली असतात. त्या गाण्यांचे हक्क संगीत कंपन्यांकडे असतात. घरात बघायला अडचण नाही. तोच व्हिडिओ यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकला तर यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते आणि कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओ अडवला जाऊ शकतो. नातेवाइकांना द्यायचा असेल तर फाइलच द्या.

सिनेमाच्या विकतच्या डिस्कचं काय?

२००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांत आणि डीव्हीडी ३४ रुपयांत बाजारात आणल्या. सिनेमाची अस्सल डिस्क पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागली. पुढे इंटरनेट स्वस्त झालं, डिस्कचा बाजार ओसरला आणि २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अवसायनात गेली. घरात राहिलेल्या जुन्या डिस्कमधले काही सिनेमे आज कोणत्याही ओटीटीवर नाहीत. त्यांची प्रत जपावी असं वाटणं साहजिक आहे.

अडचण कुलपाची आहे. सिनेमाच्या अनेक डीव्हीडींवर ‘सीएसएस’ नावाची सांकेतिक यंत्रणा असते. ती १९९६ पासून वापरात आहे. चित्रण किल्लीशिवाय उलगडू नये अशा रीतीने लिहिलेलं असतं आणि त्या किल्ल्या परवानाधारक प्लेअरकडेच असतात. अशा डिस्कमधल्या फाइल्स नुसत्या ओढून कॉपी केल्या तर चित्राऐवजी रंगीत चौकोन दिसतात. १९९९ मध्ये हे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर आला आणि त्यात सहभागी असलेल्या जॉन योहान्सेन या नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलावर खटला झाला. स्वतः विकत घेतलेली डिस्क बघण्यासाठी ती उघडणं गुन्हा ठरत नाही, असं म्हणत तिथल्या न्यायालयाने २००३ मध्ये त्याला निर्दोष सोडलं.

भारतातला कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ काही वापरांना ‘रास्त वापर’ मानतं. खासगी किंवा वैयक्तिक वापर त्यातलाच एक आहे. पूर्वी ही सवलत साहित्य, नाटक, संगीत आणि कलाकृतींपुरती होती, सिनेमा तिच्यात नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने ती कॉम्प्युटर प्रोग्रॅम वगळून सर्व कलाकृतींना लागू झाली. त्यामुळे सिनेमाही तिच्या कक्षेत आला.

त्याच दुरुस्तीने कलम ६५-अ आणलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद त्यात आहे. इथे ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडण्याला हे कलम आड येत नाही, असं त्याच कलमात पुढे म्हटलं आहे. म्हणजे आपल्याकडे कुलूप कशासाठी उघडलं यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून बराच कडक आहे. तिथे मोजके अपवाद सोडले तर कुलूप तोडणंच बेकायदा ठरतं. ब्रिटनने २०१४ मध्ये स्वतःच्या वापरासाठी कॉपी करण्याची मुभा दिली होती, पण पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द केली.

सोप्या शब्दांत सांगायचं तर सीमारेषा अशी आहे. स्वतः विकत घेतलेली अस्सल डिस्क, स्वतःच्या घरात बघण्यासाठी केलेली एक प्रत, इथवर रास्त वापराचा आधार घेता येतो. पायरेटेड डिस्कची कॉपी, मित्राच्या डिस्कची कॉपी, प्रत ठेवून मूळ डिस्क विकणं, टेलिग्रामच्या ग्रुपवर सिनेमा टाकणं, जत्रेत पडद्यावर दाखवणं, यातलं काहीही ‘बॅकअप’ या शब्दात बसत नाही. कॉपीराइट भंगासाठी कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

महाराष्ट्रात यापुढेही एक कायदा आहे. झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांवर वापरला जाणारा १९८१ चा ‘एमपीडीए’ सगळ्यांना ऐकून माहीत आहे. व्हिडिओ पायरसी करणारेही २००९ पासून त्याच्या कक्षेत आले. या कायद्याखाली एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं.

दुकानदार आणि स्टुडिओंनी काय पाहावं?

तालुक्याच्या गावी अनेक जण हे काम फोटो स्टुडिओ किंवा कॉम्प्युटर सेंटरवर देतात. लग्न, बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन अशा घरगुती डिस्क उतरवून देण्यात जोखीम नाही. सिनेमाची कुलूपबंद डिस्क कुणी आणली तर मात्र कलम ६५-अ आठवा. वैध कारणासाठीही दुसऱ्याला कुलूप उघडून द्यायचं असेल, तर त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवणं या कलमाने बंधनकारक केलं आहे. काम बाहेर देणाऱ्यांनीही डिस्क परत घेताना प्रत तिथेच चालवून पाहावी आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवरची फाइल समोर पुसून घ्यावी. व्हिडिओ घरचा आहे, बाहेर फिरायला नको.

प्रती कुठे ठेवायच्या?

‘तीन-दोन-एक’ हा नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. घरच्या कॉम्प्युटरवर एक, हार्ड डिस्कवर दुसरी आणि पुणे, मुंबई किंवा हैदराबादला राहणाऱ्या मुलाकडे नाहीतर बहिणीकडे तिसरी.

दुसऱ्या गावच्या प्रतीचं महत्त्व या भागाला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात घरांसोबत फोटोंचे अल्बमही ढिगाऱ्याखाली गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये जळकोटच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडी धरण परिसरातल्या गावांमध्ये रातोरात पाणी शिरलं. अशा वेळी माणूस जीव वाचवतो, पेटी राहून जाते.

गुगल खात्यासोबत १५ जीबी जागा मोफत मिळते, पण ती जीमेल आणि फोटोंसोबत वाटून घ्यावी लागते. मोठी आयएसओ तिथे न ठेवता एमपीफोर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि आधीच धूसर असलेलं चित्र आणखी बिघडतं.

पेन ड्राइव्हवर एकट्यावर भरवसा नको. तो वर्षानुवर्षं न वापरता ठेवला तर त्यातली माहिती उडू शकते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या दिवशी, सगळ्या प्रती चालवून पाहण्याची सवय लावून घ्या. मूळ डिस्कही टाकू नका. डबीत उभी ठेवा, ऊन आणि ओल यांपासून दूर, पत्र्याच्या छतापासून जमेल तेवढी लांब.

एक काम कॉम्प्युटरशिवायचं

प्रत झाली की ती टीव्हीला लावा आणि घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा. हातात वही घ्या. मांडवात फेटा बांधून बसलेले ते कोण, आहेर लिहून घेणारे कोण, वरातीत हलगी वाजवणारे कोणत्या गावचे, नवरीला धरून रडणारी ती आत्या की मावशी, हे त्यांना विचारा आणि मिनिटांसकट लिहून ठेवा. कोणत्याही सॉफ्टवेअरला ही नावं माहीत नाहीत. वहीच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि व्हिडिओच्या फोल्डरमध्येच ठेवून द्या.